भाड्याच्या घरातला पाहुणा

२००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डिझाइन व्यवसायातल्या लोकांचं मोठं अधिवेशन भरलं होतं आणि शहरातली हॉटेलं भरून गेली होती. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे दोन तरुण तिथे एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होते. भाडं नुकतंच वाढलं होतं आणि ते भागवायचं कसं, हा प्रश्न होता. त्यांनी घरात हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या, सकाळचा नाश्ता देऊ केला आणि रात्रीचे ८० डॉलर घेऊन तीन अनोळखी पाहुणे ठेवून घेतले. त्या तिघांत अमेरिकेत शिकलेला, मराठी आडनावाचा एक भारतीय तरुणही होता. पुढच्या वर्षी नेथन ब्लेचार्झिक हा तिसरा भागीदार आला, वेबसाइट उभी राहिली आणि ‘एअरबेड अँड ब्रेकफास्ट’चं पुढे ‘एअरबीएनबी’ झालं.

ही हकीकत बहुधा उद्योजकतेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तिच्यातली एक बाब मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. ते दोघे त्या घराचे मालक नव्हते, भाडेकरू होते. म्हणजे रिकामी जागा रात्रीच्या हिशोबाने देण्याचा हा जगभरचा व्यवसाय सुरूच झाला तो भाड्याच्या घरात. ‘घर माझं, पाहुणा तुझा, मग पैसे कोणाचे आणि जबाबदारी कोणाची?’ हा घरमालकाचा प्रश्नही त्याच दिवशी जन्माला आला. आज तो पुण्यात, मुंबईत आणि गोव्यात रोज विचारला जातो.

समजा, कोथरूडमध्ये दोन मित्रांनी मिळून दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आहे. भाडं तीस हजार. एकाला बंगळुरूला नोकरी लागते आणि तो निघून जातो. मागे राहिलेल्याला एकट्याला तीस हजार झेपत नाहीत, करार मोडावा तर लॉक-इनचे महिने शिल्लक आहेत, आणि एक खोली गादी-पंख्यासकट रिकामी पडून आहे. तो तिचे फोटो अॅपवर टाकतो. मुलीच्या अॅडमिशनसाठी लातूरहून आलेले आईवडील, लग्नाला आलेलं जोडपं, मुलाखतीसाठी आलेला इंजिनिअर असे पाहुणे येऊ लागतात. दोन महिने सगळं सुरळीत चालतं. मग एका रात्री दीड वाजता ट्रॉली बॅग ओढत दोन माणसं गेटवर येतात. वॉचमन वहीत नाव लिहायला सांगतो आणि विचारतो, ‘कोणाकडे?’ त्यांना फ्लॅट नंबर माहीत असतो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचं आडनाव माहीत नसतं. सकाळी सेक्रेटरींचा फोन नाशिकला राहणाऱ्या मालकांना जातो आणि दुपारी मालकांचा फोन भाडेकरूला येतो.

‘काका, पाहुणे आहेत माझे.’

‘पाहुणे आहेत तर त्यांच्याकडून पैसे कशाचे घेता?’

या प्रश्नापाशी बहुतेक भाडेकरू अडखळतात. ‘मी पूर्ण भाडं भरतो, मग माझ्या खोलीत कोण झोपतं याच्याशी तुमचा काय संबंध?’ असं त्यांना मनातून वाटत असतं. ही भावना मी समजू शकतो. पण तिच्यामागे एक गैरसमज आहे आणि तो आपल्याकडच्या भाडेकराराच्या स्वरूपाविषयी आहे.

महाराष्ट्रातल्या शहरांत आज घर भाड्याने देताना जो करार होतो तो बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो. बोलताना आपण मालक आणि भाडेकरू म्हणतो, पण कागदावर परवाना देणारा आणि परवाना घेणारा असे दोन पक्ष असतात. फरक नुसत्या नावाचा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे जो खरा भाडेपट्टा होतो, त्यात जागेमधला काही हक्क भाडेकरूकडे जातो. म्हणून त्याच कायद्याचं कलम १०८ असं सांगतं की करारात उलट काही लिहिलेलं नसेल, तर भाडेपट्टेदार आपला हक्क पूर्ण किंवा अंशतः दुसऱ्याला पोटभाड्याने देऊ शकतो. परवान्यात असा कोणताही हक्क हस्तांतरित होत नाही. सुविधाधिकार कायदाही १८८२ चाच. त्याच्या कलम ५२ नुसार परवाना म्हणजे एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं ते करायला मिळालेली मुभा, यापलीकडे काही नाही. याच कायद्याच्या कलम ५६ मध्ये एक फार बोलकी तरतूद आहे. सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जाण्याचा परवाना, म्हणजे नाटकाचं तिकीट, तुम्ही दुसऱ्याला देऊ शकता. बाकी कुठलाही परवाना, वेगळं ठरलेलं नसेल तर, दुसऱ्याला देता येत नाही.

अॅपवर खोली टाकणारा आपल्या घराचा परवाना नाटकाच्या तिकिटासारखा वापरत असतो, आणि कायद्याने नेमकी तीच वाट बंद ठेवली आहे. करारात ‘पोटभाड्याने देऊ नये’ असं कलम नसलं तरी ती बंदच असते. आता तर छापील मसुद्यांमध्ये ते कलम असतंच. परवानाधारक आणि त्याचे कुटुंबीय यांच्याशिवाय कोणालाही जागा वापरायला देऊ नये, जागेचा उपयोग फक्त राहण्यासाठी करावा, अशी दोन वाक्यं जवळपास प्रत्येक करारात सापडतात. सही करताना ती कोणी वाचत नाही.

ज्यांची जुनी भाडेदारी आहे, म्हणजे पागडीच्या खोल्या किंवा जुन्या चाळींतली बिऱ्हाडं, त्यांच्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. तिथे नियम केंद्रीय कायद्याच्या उलटा फिरवला आहे. कलम २६ म्हणतं की करारात मुभा नसेल तर भाडेकरूने जागा पोटभाड्याने किंवा परवान्याने देणं बेकायदा आहे. कलम १६ नुसार बेकायदा पोटभाडेकरू ठेवणं हे घर खाली करून घेण्याचं एक कारण ठरतं. तेव्हा करार कोणताही असो, मालकाच्या संमतीशिवाय खोली देणाऱ्याची बाजू मुळातच लंगडी असते.

इतका कडक नियम इथे का आला, हे समजायला मुंबईचा इतिहास पाहावा लागतो. मालकांच्या आजच्या रागातला मोठा भाग तिथून आला आहे.

गिरणगावातल्या खोल्या एकेका बिऱ्हाडाच्या नावावर असत, पण तिथे झोपणारी माणसं किती तरी जास्त असत. कोकणातून, साताऱ्याकडून आलेले गडी आपल्या गाववाल्याच्या खोलीत ट्रंक ठेवायचे. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला वळकटी पसरायचा. खोलीवाली बाई खानावळ चालवायची आणि जेवणाचे महिन्याचे पैसे घ्यायची. अशा खानावळवाल्या बायांच्या कष्टांना संघटनेचं बळ मिळालं ते १९७५ मध्ये, प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा. त्या खोल्यांमध्ये जे चालायचं ते कायद्याच्या भाषेत पोटभाडंच होतं. पण ते उघड होतं. चाळीत सगळ्यांना माहीत होतं, भाडं वसूल करायला येणाऱ्यालाही माहीत होतं, आणि खोलीवालं कुटुंब त्याच खोलीत राहत होतं.

दुसऱ्या बाजूला भाडं गोठत होतं. मुंबईत भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं ते पहिल्या महायुद्धातल्या टंचाईमुळे, १९१८ च्या कायद्याने. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. फाळणीनंतर शहरात माणसांचा पूर आला, बाजारभाव चढत गेला, पण मालकाच्या हातात पडणारं भाडं तेच राहिलं. परिणाम असा झाला की भाडेकरू मालकाला काही रुपये द्यायचा आणि जागेचा अर्धा भाग दुसऱ्याला देऊन त्याच्या कितीतरी पट कमवायचा. घर मालकाचं, दुरुस्ती मालकाकडे, पालिकेचा कर मालकाच्या नावावर, आणि कमाई भाडेकरूची. १९४७ च्या कायद्यात पोटभाड्याला मनाई होती, तरी व्यवहार थांबले नाहीत.

सरकारसमोर मग पेच उभा राहिला. हजारो कुटुंबं पोटभाडेकरू म्हणून राहत होती, त्यांना रस्त्यावर कसं काढायचं? १९५९ मध्ये वटहुकूम आला आणि त्या वर्षी मे महिन्यापर्यंत जे पोटभाडेकरू ताब्यात होते त्यांना संरक्षण मिळालं. यावर उपाय म्हणून लोक पोटभाड्याऐवजी परवाना म्हणू लागले, कारण परवानाधारकाला संरक्षण नव्हतं. १९७३ मध्ये सरकारने तेही दार उघडलं. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कोणी परवानाधारक म्हणून किमान एका खोलीच्या ताब्यात होता, तो त्या दिवसापासून थेट मालकाचा भाडेकरू ठरला.

मालकाच्या जागेवरून हे पाहावं. ज्या माणसाला त्याने कधी पाहिलं नाही, ज्याच्याकडून एक रुपया घेतला नाही, तो एका तारखेच्या जोरावर त्याच्या घराचा कायमचा भाडेकरू झाला. पुढची अनेक वर्षं मुंबईतल्या मालकांनी फ्लॅट कुलूप लावून रिकामे ठेवणं पसंत केलं, याचं मूळ इथे आहे. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ ने मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडलीच पाहिजे, न सोडल्यास परवाना शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई, आणि दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद अर्ज अशी सोय केली. तेव्हा कुठे कुलपं उघडायला लागली. तरी ‘एकदा आत शिरलेला बाहेर निघत नाही’ ही भीती घराघरांत वडिलांकडून मुलाकडे आली आहे. भाडेकरूने परस्पर आणलेला माणूस दिसला की ती पहिल्यांदा जागी होते.

दोन रात्री राहणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत ही भीती अनाठायी आहे. शनिवारी येऊन सोमवारी जाणारा माणूस भाडेकरूचा हक्क सांगू शकत नाही. १९७३ च्या दुरुस्तीनेच ही रेषा आखली होती. पेइंग गेस्ट, हॉटेल, लॉज, वसतिगृह यांत राहणारा माणूस परवानाधारकाच्या व्याख्येतून स्पष्ट वगळला होता. पेइंग गेस्ट कोण, याचं उत्तरही त्या कायद्यात होतं: जो घरचा नाही, पण परवाना देणारा स्वतः ज्या घरात राहतो त्याच घराचा एक भाग ज्याला वापरायला मिळाला आहे, तो. म्हणजे यजमान त्याच छपराखाली राहतो की नाही, यावर सगळं ठरत होतं.

हाच प्रश्न गेल्या काही वर्षांत जगभरच्या शहरांनी पुन्हा विचारला आहे आणि त्यांची उत्तरं मुंबईच्या जुन्या उत्तराशी थक्क करण्याइतकी जुळतात. न्यूयॉर्कमध्ये राहत्या इमारतींतला फ्लॅट ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने द्यायचा तर तिथे कायम राहणारा माणूस घरात हवा, असं २०१० मध्ये राज्याने ठरवलं. नियम पाळला जात नव्हता, म्हणून शहराने नोंदणीचा कायदा केला आणि ५ सप्टेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. यजमान घरातच हवा, पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत आणि आतल्या खोल्यांना कुलूप नको. कुलपाची अट मला फार शहाणपणाची वाटते. खोलीला स्वतंत्र कुलूप लागलं की पाहुणा घरात राहत नाही, त्याच्यासाठी घराचा तुकडा वेगळा झालेला असतो. याच कायद्यात मालकांनाही एक हत्यार दिलं आहे. आपल्या इमारतीत हा प्रकार चालणार नाही असं मालकाने शहराला कळवलं, की ती इमारत प्रतिबंधित यादीत जाते आणि तिथल्या भाडेकरूला नोंदणीच मिळत नाही. भाडेकरूने अर्ज केल्यावर मालकाला शोधत बसण्याची गरज उरत नाही.

जर्मनीतली गोष्ट वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिथला कायदा भाडेकरूला अनुकूल आहे. सबळ कारण असेल तर घराचा एक भाग पोटभाड्याने देण्याची परवानगी मालकाकडे हक्काने मागता येते. बर्लिनमधल्या एका भाडेकरूकडे अशी परवानगी होती आणि त्या जोरावर त्याने घर इंटरनेटवर पर्यटकांना दिवसाच्या दराने देऊ केलं. प्रकरण सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं. ८ जानेवारी २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की पोटभाड्याची परवानगी म्हणजे रोज बदलणाऱ्या प्रवाशांना घर देण्याची परवानगी नव्हे, त्यासाठी वेगळी संमती लागते. आपल्याकडे ‘मित्राला ठेवलं तर चालेल ना?’ ‘हो, चालेल’ एवढ्या संभाषणावर अॅपवर खोली टाकणाऱ्यांनी हा निकाल मनात ठेवावा.

पॅरिसच्या प्रकरणात प्रश्न सरळ पैशांचा होता. भाडेकरूंनी घर मालकाच्या परवानगीविना एअरबीएनबीवर दिलं होतं. मालकाने ती सगळी कमाई मागितली. भाडेकरूंचं म्हणणं होतं की मालकाला त्याचं भाडं वेळेवर मिळत होतं, मग त्याचं नुकसान काय झालं? फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१९ रोजी हा युक्तिवाद फेटाळला. मालमत्तेतून निघणारं उत्पन्न हे तिचं फळ आहे आणि फळ मालकाचं. परवानगीशिवाय मिळवलेली ही कमाई, २७,२९५ युरो, भाडेकरूंना मालकाला द्यावी लागली. भरलेलं भाडंही त्यातून वजा झालं नाही.

हा निकाल मला थोडा कठोर वाटतो. चादरी धुणं, पाहुण्याला स्टेशनचा रस्ता सांगणं, सकाळी चहा करणं ही मेहनत भाडेकरूची होती आणि फळात तिचाही वाटा आहे. पण ‘भाडं भरलं की माझं कर्तव्य संपलं’ ही समजूत त्या निकालाने खोडून काढली, ते योग्यच झालं.

आपल्या न्यायालयांनी पोटभाड्याची कसोटी कशी लावली आहे, हेही पाहायला हवं. १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलमधल्या केशकर्तनालयाच्या जागेचा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करारावरचं नाव काय आहे यापेक्षा पक्षांचा हेतू काय होता आणि जागेचा अनन्य ताबा कोणाकडे होता, हे पाहायचं. पुढच्या निकालांतून पोटभाड्याचे दोन घटक ठरले: भाडेकरूने ताबा सोडून तो दुसऱ्याकडे सोपवलेला असणं आणि त्याबद्दल मोबदला घेतलेला असणं. भाडेकरू स्वतः घरात असेल आणि पाहुणा त्याच्यासोबत राहत असेल, तर ताबा सोडला असं म्हणणं सोपं नसतं. मात्र हे व्यवहार मालकाच्या पाठीमागे होतात, थेट पुरावा मिळणं कठीण असतं, याची जाणीवही न्यायालयाला आहे. भारत सेल्स विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या १९९८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की परिस्थितीवरून अनुमान काढता येतं. आता तर अॅपवरची जाहिरात, पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय आणि गेटवरची वही हा सगळा आयता पुरावा असतो. पूर्वी मालकाला शेजाऱ्यांच्या साक्षी गोळा कराव्या लागायच्या, आज एक स्क्रीनशॉट पुरतो.

आणि समजा पोटभाडं सिद्ध नाही झालं, तरी भाडेकरू सुटत नाही. राहण्यासाठी दिलेली जागा धंद्यासाठी वापरली, शेजाऱ्यांना उपद्रव झाला, मालकाला न विचारता हॉलमध्ये प्लायवूडचं पक्कं पार्टिशन घातलं, या प्रत्येकातून वेगळी भांडणं उभी राहतात. पार्टिशनचं तर फार होतं. एका खोलीच्या दोन केल्या की दोन पाहुणे बसतात, हा मोह अनेकांना आवरत नाही.

मालकाचा सगळा राग पैशांसाठी असतो असं भाडेकरूंना वाटतं. माझ्या मते बऱ्याचदा तो माहितीसाठी असतो. आपल्या घरात आज रात्री कोण झोपलं आहे, हे मालकाला ठाऊक नसतं आणि उत्तर मात्र त्यालाच द्यावं लागतं. मुंबई-पुण्यात पोलीस आयुक्तांचे आदेश निघतात की घर भाड्याने देणाऱ्याने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी. न दिल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. हॉटेलवाले ज्याला वर्षानुवर्षं ‘सी फॉर्म’ म्हणत आले, तो घरात पाहुणा ठेवणाऱ्यालाही चुकत नाही. सोसायटीत सभासद असतो तो मालक. ‘आपल्या सदनिकेत अनोळखी व्यक्तींचा वावर आढळतो’ असं पत्र त्याच्या नावाने निघतं. मालक न्यू जर्सीत, फ्लॅट बाणेरला आणि चाव्या एजंटकडे, अशा घरांत तर हे पत्र त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत सोसायटीची सर्वसाधारण सभाही होऊन गेलेली असते.

सोसायट्याही कधी कधी आपली मर्यादा ओलांडतात, हे इथे सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सने देताना सोसायटीला आधी कळवायचं असतं. परवानगी मागायची नसते. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, ही मर्यादा राज्य सरकारने २००१ मध्ये घातली. पण हे संरक्षण सभासदाने रीतसर दिलेल्या घराला आहे. भाडेकरूने परस्पर चालवलेल्या पाहुणचाराला ते लागू पडत नाही.

कराचं थोडक्यात सांगतो. मालकाला भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. भाडेकरू मालक नसल्यामुळे त्याची पोटभाड्याची कमाई ‘घरमालमत्तेचं उत्पन्न’ ठरत नाही आणि ती वजावट त्याला मिळत नाही. ती इतर उत्पन्नात किंवा व्यवसायात धरली जाते. अॅपवरून घेतलेल्या खोलीवर जीएसटीही लागतो. यजमान नोंदणीकृत नसेल तर तो भरण्याची जबाबदारी कायद्याने अॅप चालवणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. म्हणजे सरकारच्या लेखी हा व्यवहार राहण्याचा नसून निवास-सेवेचा आहे, आणि हे कागद मालकाच्या वकिलाच्या हाती पडू शकतात.

पर्यटन खात्यांच्या योजनांकडे पाहिलं तर तिथेही यजमानाच्या उपस्थितीचीच अट दिसते. केंद्राच्या ‘अतुल्य भारत’ निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्या देता येतात, पण घरमालक कुटुंबासह तिथेच राहत असला पाहिजे. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटकांना पैसे घेऊन घर देणाऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. तिथे भाडेकरूच्या पाहुण्यांचा प्रश्न जास्त टोकदार आहे. कारण वर्षाच्या करारावर घेतलेलं घर हंगामात रात्रीच्या दराने देण्याचा मोह कळंगुट-हणजूणच्या पट्ट्यात कोथरूडच्या कितीतरी पट असतो.

इथे दोन प्रकारच्या भाडेकरूंमध्ये फरक करायला हवा आणि तो केला जात नाही, याची मला खंत वाटते. एक तो, जो त्या घरात राहतो, ज्याची एक खोली रिकामी आहे आणि जो भाड्याचा भार हलका करू पाहतो. दुसरा तो, जो चार-पाच फ्लॅट भाड्याने घेतो, एकातही राहत नाही, दाराला आकडे दाबून उघडणारं कुलूप बसवतो आणि पाहुण्यांना आकडा व्हॉट्सअॅपवर पाठवतो. दुसरा सरळसरळ लॉज चालवतो आहे आणि मालकाला त्याने फसवलं आहे. मालकांच्या मनात पहिल्याची प्रतिमा मात्र दुसऱ्याच्या करणीने बिघडली आहे. पहिल्याने विचारलं असतं, तर कितीतरी मालक हो म्हणाले असते.

मालकांनीही रागाच्या भरात जे करतात ते थांबवायला हवं. भाडेकरू ऑफिसला गेल्यावर कुलूप बदलणं, नळ बंद करणं, वीज तोडणं हे प्रकार होतात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडता येत नाही. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ नुसार, कायदेशीर मार्ग सोडून जागेतून हुसकावलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा लावता येतो. चूक भाडेकरूची असताना स्वतःची बाजू कमकुवत करून घेण्याचा हा हमखास रस्ता आहे. योग्य क्रम साधा आहे. आधी जाहिरातीची आणि तारखांची नोंद ठेवावी, मग कराराचं कलम दाखवून लेखी नोटीस द्यावी, ठरावीक दिवसांत पाहुणे थांबवायला सांगावं आणि तरी ऐकलं नाही तर करार संपवावा. भांडण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेऊ नये.

भाडेकरूने विचारायचं ठरवलं, तर तोंडी विचारून भागत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असं सांगतं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. म्हणून मूळ करारातली मनाई शिथिल करायची तर तीही पुरवणी करार करून नोंदवलेली बरी. त्यात कोणती खोली, महिन्यातून जास्तीत जास्त किती रात्री, एका वेळी किती माणसं, हे स्पष्ट असावं. पाहुणा असेल त्या रात्री भाडेकरू घरात असेल, किल्ली पाहुण्याच्या हाती एकटी जाणार नाही, ओळखपत्राची प्रत त्याच दिवशी मालकाला पाठवली जाईल आणि गेटवर नाव आधी दिलं जाईल, हेही लिहावं. मोडतोड कोणी भरायची, मालकाला कमाईतला किती वाटा, आणि मालकाला ही सवलत किती दिवसांच्या नोटिशीने मागे घेता येईल, या तीन गोष्टी सुटल्या तर पुढचं भांडण त्यांवरूनच होतं. मालकाने वाटा घ्यावा का? घ्यावा, असं मला वाटतं. वाटा घेतला की तो या व्यवहारात उघडपणे सामील होतो आणि सेक्रेटरींचा फोन आला तर उत्तर देण्याची त्याची तयारी असते.

मालक नाही म्हणाले, तर तो त्यांचा हक्क आहे आणि तिथे वाद घालून उपयोग नाही. तरीही रिकाम्या खोलीचा प्रश्न सुटतो. कोथरूडच्या त्या भाडेकरूने रात्रीचा पाहुणा शोधण्याऐवजी अकरा महिन्यांचा सोबती शोधावा आणि त्याचं नाव दुसरा परवानाधारक म्हणून घालून नवा करार करावा. मालकाला माणूस आधी भेटतो, पोलीस पडताळणी एकदाच होते, सोसायटीला नाव कळतं. खर्चही फार नाही. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर ठरावीक दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरी भागात हजार रुपये नोंदणी फी. नोंदणी ऑनलाइन होते, अंगठ्याचा ठसा देऊन, आणि त्यासाठी नाशिकच्या काकांना पुण्याला यावं लागत नाही.